आईला न विचारता टाकलेला फोटो

मी एक फोटो बोलतोय. भिंतीवरच्या चौकटीतला नव्हे, फोनमधला.

माझा जन्म दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत झाला. दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये एक बाई उभी होती. शिवणकाम करणारी, तीस वर्षं लोकांचे कपडे बेतणारी. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू लुळी पडून दीड महिना झाला होता. त्या सकाळी तिने दांडी सोडून पहिलं पाऊल टाकलं आणि तिच्या लेकीने तेवढ्यात मला टिपलं. विस्कटलेले केस, ढगळ गाऊन, वाकडं झालेलं तोंड, ओठाच्या कडेची लाळ, सगळंच माझ्यात आलं. लेकीचे डोळे भरून आले होते; आनंदात तिला त्यातलं काही दिसलंच नाही.

"माझी वाघीण" असं लिहून तिने मला आपल्या खात्यावर सगळ्या जगाला दिसेल असं टाकलं.

मग काय, मला पाय फुटले. शेजारच्या काकांनी मला पाच गटांत धाडलं. काका मनाने सरळ, पण बोटाला धीर नाही. पुढे कुणी माझ्या तोंडाची टर उडवली. कुणी लेकीचे शब्द कापून खाली लिहिलं, 'आमच्या तेलाने लुळं माणूस चालू लागलं.' माझ्या इतक्या नकला निघाल्या, की मूळचा मी कोणता, हे मलाच कळेना.

आठ दिवसांनी, आई पूर्ण बरी झाली असं समजून, एक गिऱ्हाईक फ्रॉकची उंची वाढवून घ्यायला घरी आलं.

"मावशी, ते तेल कुठे मिळतं हो? सासऱ्यांना हवं होतं," म्हणत त्या बाईने मला समोर धरलं.

आईने मला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मला नाही माहीत," म्हणाली आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी ती व्यायामाला निघेचना.

"आई, गाडी खाली थांबलीये."

"मी नाही येत. तिथे सगळ्यांच्या हातात फोन असतात."

"अगं, मी कौतुकाने टाकला होता."

"कौतुक तुझं, तोंड माझं. मी गिऱ्हाइकाचं मापसुद्धा कधी दुसऱ्याला सांगितलं नाही."

लेकीने गाडी परत पाठवली. तीन दिवस असेच गेले. व्यायाम घेणाऱ्या बाईंचा फोन आला, "हेच महिने मोलाचे असतात. खंड पडू देऊ नका."

त्या दुपारी लेक फोन घेऊन बसली. आधी तिने मला खात्यावरून काढून टाकलं. मग लिहिलं, "तो फोटो मी आईला न विचारता टाकला होता. चूक माझी. तुमच्याकडे असेल तर कृपया पुसा. तेलाशी आईचा काही संबंध नाही." जाहिरातीची तक्रार केली, आपलं खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं केलं. जाहिरात चार दिवसांनी हटली. बऱ्याच जणांनी 'पुसला' असं कळवलं.

काका मात्र स्वतः आले. खाली मान घालून त्यांनी फोन पुढे केला.

"वहिनी, चुकलंच माझं. तुमच्याच हाताने पुसा."

आईने डावा हात पुढे केला, मग मागे घेतला. उजव्या हाताचं बोट उचललं. ते दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा बरोबर बसलं आणि काकांच्या फोनमधला मी नाहीसा झालो. आपण पुसले जातोय याचा आनंद होणारा माझ्यासारखा विरळाच.

"बोट ऐकायला लागलं की माझं," आई म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती आपणहून गाडीत बसली.

आता मी लेकीच्या फोनमध्ये कुलूपबंद आहे, आईच्या परवानगीने. माझ्या एकदोन नकला अजून कुठेतरी भटकत असतील. खोटं कशाला सांगू? पण आता लेक फोन उचलण्याआधी विचारते, "आई, काढू का?" कधी उत्तर येतं "हो", कधी "थांब, केस नीट करू दे", आणि कधी "नको." मग फोन पिशवीत जातो.

तुमच्याही फोनमध्ये माझे भाऊबंद असतील, कुणाच्या तरी आईचे, मित्राचे, तान्ह्या बाळाचे. त्यांना बाहेर धाडण्याआधी ज्याचा चेहरा आहे त्याला एकदा विचारा. बाळाला बोलता येत नसेल, तर त्याला बोलता येईपर्यंत थांबा. आणि 'नको' आलं, तर आम्हाला आतच राहू द्या. तिथे आम्हाला काही कमी पडत नाही.