दीड ते अडीच

सेक्टर तीसमध्ये जांभळाच्या झाडाखाली गिरिजादीदी कोळशाची इस्त्री फिरवायच्या. दुपारचा दीड वाजला, की इस्त्री विटेवर, कपड्यांवर चादर, आणि बाई गायब! अडीचला परत. मधला तास कुठे जायच्या, देव जाणे. समोरच राहणाऱ्या संपदाला हे कोडं काही केल्या चैन पडू देत नव्हतं.

संपदा साताऱ्याची, मोहालीतल्या एका कंपनीत नोकरीला. कंपनी समाजकार्य म्हणून इंडस्ट्रियल एरियात लाँड्री काढत होती. दहा बायका, डोक्यावर पंखे, ठरलेला पगार, औषधपाण्याची सोय. भरतीचा फॉर्म संपदानंच बनवला आणि यादीत पहिलं नाव गिरिजादीदींचं घातलं. त्यांना न विचारता, बरं का! भलं करायची एवढी घाई, की विचारायचं राहूनच गेलं.

दीदी मात्र खूश झाल्या. कोळशाच्या धुरानं खोकून खोकून त्यांचा जीव नकोसा व्हायचा. "येते मी, पक्का," त्या म्हणाल्या. "फक्त दीड ते अडीच बाहेर जाईन. तो तास संध्याकाळी भरून देईन."

दोघी लाँड्रीत गेल्या, तेव्हा सुपरवायझरनं फॉर्मवरच्या 'बाहेर जाण्याचं कारण' या रकान्यावर बोट ठेवलं. "चालेल जी. इथे कारण लिहा."

"कारण नाही लिहिणार."

"मग जागा दुसरीला जाईल. यादी आजच पाठवायचीय."

संपदानं त्यांना बाजूला ओढलं. "दीदी, द्या ना काहीतरी ठोकून! डॉक्टर, मुलीची शाळा, काहीही."

"खोटं कशाला? चोरी थोडीच करते?"

"मग खरं सांगा!"

"सासरी विहिरीवर जायचं तरी सांगून जावं लागायचं. नवरा होता तोवर तेच. त्या झाडाखाली बसायला लागले, तेव्हा पहिल्यांदा कुणी विचारेनासं झालं. इथे खोकला बरा होईल, मॅडमजी, कळतं मला. पण हा तास मी कुणाला देणार नाही." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. पण हट्ट काही सुटला नाही, त्या सरळ फाटकाकडे निघाल्या.

संपदाला रागच आला. कसली हेकट बाई! चालून आलेली नोकरी लाथाडतेय! आणि मग तिला स्वतःचाच रजेचा अर्ज आठवला. गेल्या महिन्यात दिवसभर नुसतं लोळायचं होतं, तर बाईसाहेबांनी कारण लिहिलं होतं ताप. आणि हा रकाना तरी कुणी घातला? तिनंच. का? तर सगळ्या फॉर्मवर असतो म्हणून! तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं पेन काढलं आणि दहाच्या दहा फॉर्मांवरचा तो रकाना खोडून टाकला. "दीदी, थांबा! सही करायला या."

संध्याकाळी तिच्या साहेबाचा, शंतनूचा, फोन आला. "कारणाचा रकाना का काढलास? बाई तासभर जाते कुठे, हे आपल्याला कळायला नको?"

"कळावं म्हणून माझाही जीव जातोय रे," संपदा म्हणाली. "पण तिला सांगायचं नाही. काम पूर्ण होतंय ना?"

शंतनू म्हणाला, "बरं यार, महिनाभर बघू."

सोमवारी दीड वाजता गिरिजादीदी लाँड्रीच्या फाटकातून बाहेर पडल्या आणि डावीकडे वळल्या. संपदा तिथेच होती. पाय आपोआप निघाले, चार पावलं दीदींच्या मागे गेलेसुद्धा. मग ती थांबली, आणि दीदी दिसेनाशा होईपर्यंत मुद्दाम उजवीकडे बघत उभी राहिली.