कानात दवंडी

कोन गावातल्या त्या आळीत नवरीला पहिली हळद लावायचा मान वयाने सगळ्यांत मोठ्या बाईचा. बरीच वर्षं तो जानकीबाईंकडे होता, कारण सगळ्यांत मोठी आपणच, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. शेजारच्या धोंडूबाईंना ते पटत नसे, पण पुरावा कोणाकडेच नव्हता.

हेमालीच्या मांडवात जानकीबाई हळद कालवत होत्या, तोच पंचायतीचा राघो दवंडीचा ढोल घेऊन त्यांना शोधत आला. पेन्शनवाल्यांची नावं, फोन नंबर आणि जन्मतारखा सरकारी वेबसाइटवर चुकून साऱ्या जगाला दिसत होत्या. आता त्या झाकल्या होत्या. ज्याचं त्याला कानात, गुपचूप सांग, अशी साहेबांची ताकीद होती.

राघोने ढोलावर कडाडून थाप मारली. सारा मांडव भोवती जमला.

“मेल्या, हे गुपचूप?”

“थापेबिगर सरकारी निरोप कसा व्हईल, काकी?” म्हणत तो कानाशी वाकला. जन्मभर दवंडी पिटलेला गळा तो. त्याच्या कुजबुजीने रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही माना वळवल्या. “तुमची जन्मतारीख जगाला दिसली हाय!”

“बरं झालं!” धोंडूबाई पुढे सरसावल्या. “आता कळंल मान कोनाचा.”

“सरकारने झाकलंय ते आपण उघडू न्हाय,” जानकीबाई घाईने म्हणाल्या.

“मी बघितलीय,” नवरीची बहीण मनाली म्हणाली. स्वतःच्या आजीची पेन्शन मंजूर झाली का ते बघायला ती धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेली होती, तेव्हा गावाची अख्खी यादीच समोर आली होती. “पण तुमची गोष्ट आहे, आजी. तुम्ही म्हणाल तरच सांगते.”

आपण तरुण निघू, अशी भीती जानकीबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटली. पण नाही म्हणावं तर सगळे बघत होते.

“सांग.”

“एक जून एकोणीसशे चाळीस.”

“आन् माझी? माझीबी सांग,” धोंडूबाई म्हणाल्या.

“तुमचीही तीच.”

“माझीबी तीच हाय!” राघो हरखला. मग एकदम गंभीर झाला. “म्हंजी मना माझ्याबी कानात सांगाया पायजे?” आणि त्याने स्वतःसाठी एक थाप मारून घेतली.

ओळखपत्रांसाठी माहिती लिहायला आलेल्या गुरुजींना तेव्हा कोणालाच आपली तारीख सांगता आली नव्हती. त्यांनी अख्ख्या आळीला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

जानकीबाईंनी वाटी पुढे केली. “चल धोंडू, दोघी मिळून लावू.”

दोन हात हेमालीच्या गालांकडे निघाले. जानकीबाईंचा जरा आधी पोचला.

“आन् ह्ये काय?”

“तू संध्याकाळची असशील,” जानकीबाई म्हणाल्या.