बोंबिलाचा डावा डोळा

शिवाजी खरात मूळचा सांगोल्याकडचा. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण सुक्या मासळीचा वास आला की अजूनही तो नाकाला रुमाल लावायचा. अशा माणसाच्या घरात मांजर आलं, आणि तेही सातपाटीहून, हिरा मासेवालीच्या टोपलीत बसून. शिवाजीच्या लेकीनं, स्वरानं, ते ठेवून घेतलं. अंगानं नुसतं लुळं आणि लांबुळकं, म्हणून त्याचं नाव पडलं बोंबील.

शिवाजीनं पहिल्याच दिवशी बजावलं, की हे जनावर त्याच्या ताटाजवळ आणि अंथरुणाजवळ दिसता कामा नये. मांजरं पाळणारी माणसं आपल्याला कळतच नाहीत, असं तो बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला सांगत राहिला.

खरी गोष्ट निराळी होती. रात्रपाळी करून तो सकाळी घरी यायचा तेव्हा त्याची बायको दीपाली बालवाडीत शिकवायला गेलेली असायची आणि स्वरा शाळेत. घरात तो आणि बोंबील, दोघंच. बोंबील पहिल्यांदा उशीपाशी आला तेव्हा शिवाजीनं त्याला ढकललं. दुसऱ्यांदा ढकलायचा कंटाळा केला. पुढं पुढं तर बोंबील कुशीत शिरल्याशिवाय त्याचा डोळा लागेना. तो त्याला बाळ्या म्हणायचा, कपाळाला कपाळ लावायचा, सुपरवायझरच्या चहाड्या सांगायचा. दुपारी जिन्यात दीपालीच्या चपला वाजल्या, की बाळ्याला हळूच खाली सोडायचा आणि भिंतीकडं तोंड करून घोरायला लागायचा.

अशातच बोंबिलाचा डावा डोळा आला. लाल झाला, सुजला, पाणी गळायला लागलं. दीपाली आणि स्वरा त्याला चेनच्या पिशवीत घालून पालघरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं, स्वाती साव्यांकडं, घेऊन गेल्या. त्यांनी डोळ्यात घालायला थेंब दिले, डोळा बरा झाला. पण शिवाजीची रात्रपाळी पुन्हा लागली आणि डोळा पुन्हा लाल. परत पालघर, परत थेंब. रात्रपाळीशी याचा काही संबंध असेल असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

मग दीपालीनं घरातच कारण शोधायला घेतलं. आधी उदबत्ती बंद केली. मग डासांची कॉइल बंद केली, तेव्हापासून सगळं घर अंग खाजवत बसलं. शेवटी तिला वाटलं, मिरचीचा खकाणा बाधत असेल. तिनं फोडणीच बंद केली. बिनफोडणीची आमटी आणि दुधीची पांढरी भाजी समोर आली, की शिवाजी ताटाकडं परक्यासारखा बघायचा. रात्रपाळीनं त्याचं डोकं आधीच ठणकायचं, त्यात आता या जेवणाची भर. तो कपाळाला बाम चोळून झोपायचा. पूर्वी एक बोट लावायचा, तो आता दोन बोटं लावायला लागला. आणि बाळ्या आजारी आहे म्हणून त्याला जास्तच जवळ घ्यायला लागला.

हिरा एकदा पापलेटं घेऊन दारात आली. तिनं बोंबिलाचं तोंड वर करून डोळा पाहिला. "मांजरात काय नाय, ताई," ती म्हणाली. "तुमचे घरातच कायतरी हाय."

दीपालीला वाटलं, नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या घेऊन बोंबिलाची दृष्ट काढली आणि मिरच्या गॅसवर जाळल्या. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचेच डोळे लाल झाले.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, की आता घरातले सगळेच या. दीपालीनं कळवून टाकलं, की आमचे हे मांजराला हातसुद्धा लावत नाहीत, पण पिशवी धरायला आणते.

एसटीत पिशवी शिवाजीच्याच मांडीवर आली. आतून बोंबिलानं टाहो फोडला. शिवाजीनं चेन नीट करायचं निमित्त करून तोंड खाली नेलं आणि पुटपुटला, "आलंच हं बाळ्या, आता उतरायचंच." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं "बरं बरं" म्हणून आपली काठी सावरली.

दवाखान्यात थेंबांची बाटली दिसताच बोंबील स्वराच्या हातातून निसटला. औषधांच्या फळीवरून धावला, वजनकाट्यावर आपटला आणि तिथून उडी मारून थेट शिवाजीच्या खांद्यावर गेला. तिथं पोचल्यावर त्याचं सगळं भय सरलं. त्यानं डोळे मिटले आणि आपला डावा गाल शिवाजीच्या कपाळावर घासत गुरगुरायला लागला. शिवाजी दोन्ही हात वर करून पोलिसांनी पकडल्यासारखा उभा राहिला. हे असं का करतंय कुणास ठाऊक, असं तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. त्यांनी बोंबिलाच्या गालाचा वास घेतला. मग, माफ करा म्हणून, शिवाजीच्या कपाळाचाही घेतला.

"डोकं दुखतं का तुमचं?"

"रात्रपाळीला दुखतं."

"बाम लावून झोपता. कुठल्या कुशीवर?"

"उजव्या," शिवाजी जमिनीकडं बघत म्हणाला.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की डोळ्याला दुसरं काहीही झालेलं नाही, बाम झोंबतोय. तो चाटण्यात गेला तर मांजराच्या जिवालाही धोका, तेव्हा आजपासून बाम बंद. स्वरा तोंडावर हात ठेवून हसत होती. दीपाली हसली नाही. तिनं नवऱ्याकडं आणि त्याच्या गळ्यात पडलेल्या बोंबिलाकडं आळीपाळीनं पाहिलं.

परतीची एसटी उमरोळीला पोचली. तेव्हा दीपाली म्हणाली, "माझं डोकं दुखतं तेव्हा मला कधी असं जवळ घेतलंत का हो?"

शिवाजी उठला. त्यानं तिला खिडकीची जागा दिली. तिनं ती घेतली आणि बाहेर बघत बसली. थोड्या वेळानं तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा त्याला वाटलं, ही रडतेय. वाकून पाहिलं तर ती तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होती.

त्या संध्याकाळी आमटीला लसूण-मिरचीची फोडणी बसली. शिवाजी भाकरी कुस्करून भुरके मारत जेवला. बोंबिलाचा डोळा निवळला आणि निवळलेलाच राहिला. पुढच्या रात्रपाळीला दीपालीनं कामावर जाताना खोबरेल तेलाची वाटी काढून ठेवली, बामाऐवजी हे लावा म्हणून. शिवाजीनं कपाळावर तेल थापलं आणि आडवा झाला. खोबरेल बोंबिलाला भारीच आवडलं. आपल्या खरबरीत जिभेनं तो शिवाजीचं कपाळ चाटत राहिला, ते पार दुपारपर्यंत. शिवाजीला झोप कसली ती लागली नाही, आणि तरी त्यानं याबद्दल घरात कुणाकडं चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या भर उकाड्यात तो माकडटोपी घालून झोपला.