नळ बंद, काटा चालू

मोहाडीजवळच्या एका गावात होता एक तलाव. तलावाच्या पाळीवर राहायचा मासे धरणारा मंगरू, मंगरूची बायको बायाबाई, अन् त्यांच्या दारासमोर मी. मी पाण्याचं मीटर बोलतोय.

तलावातलं पाणी मोटारीनं टाकीत चढतं अन् टाकीतून, माझ्या पोटातून, खेळाच्या मैदानावर जातं. हिरवळ किती पाणी पिते ते मोजायला कॉलेजातल्या कीर्तीनं मला इथं बसवलं. "महिन्यानं येते," म्हणाली अन् गेली.

चैत लागला. तलाव रोज बोटभर खाली जायचा. मंगरूनं पावसाळ्यात तलावात सोडलेलं माशांचं बीज आता हातभर मासे झालं होतं. पाणी आटलं तर सारे चिखलात मरणार. घराचं वर्ष त्यांच्यावरच चालायचं.

बायाबाईला वाटलं, हा गोल डोळ्याचा देवच पाणी पितो. तिनं माझ्या काचेवर ओल्या हळदीचा जाड लेप दिला, वर कुंकू. "बाप्पा, जरासं कमी पे."

"मले शिळा भात, अन् त्याले हळद-कुंकू!" मंगरू म्हणाला.

"तू तलाव भरून दे, तुलेबी लावीन."

लेप वाळला. अन् दोनच दिवसांनी, मैदानाचे सारे नळ बंद असताना, माझा काटा फिरू लागला. थांबेचना! जमिनीखाली पाइप फुटला होता. मैदानाला पाणी मारणारा कैलाश शिट्टी वाजवत माझ्यासमोरून जायचा. सांगू कसं? माझं तोंड म्हणजे ती काच, अन् ती हळदीखाली. रात्रंदिवस फिरत होतो अन् वाया जाणाऱ्या पाण्यात मंगरूचे मासे मोजत होतो.

एकदाची कीर्ती आली. नखानं लेप खरवडला. "काकू, हे काय?"

"पाणी पेते ना तो!"

"पीत नाही हो, नुसतं मोजतं." तिनं काटा पाहिला. "कैलाशभाऊ, नळ चालू आहे?"

"सकाळपासून बंद आहे."

"मग हे काहून फिरून राहिलं?" कीर्तीनं विचारलं.

बायाबाई बोलली, "त्या गोलपोस्टामागं पाहा ना. भर उन्हात तिथं बेडकं ओरडून राहिले. मी म्हटलं, मैदानवाल्यांनी पाळले असतील."

तिथं खोदलं. पाइपाला हातभर चीर! हिरवळीहून जास्त पाणी ती चीरच प्याली होती. पाइप बदलला. दुपारचं पाणी मारणंही कैलाशनं सोडलं, सकाळीच मारू लागला.

बाबांनो, मला फिरणं तेवढंच येतं. वाया जाणारं पाणी थांबवायचं तुम्हाला. येता-जाता नजर टाकत जा.

जेठात मंगरूनं जाळं टाकलं. एकट्यानं ओढेना. कैलाश धावला, बायाबाईनं पदर खोचला. अन् त्या दिवशी मोहाडीच्या बाजारात भरलं टोपलं घेऊन तिला तीनदा जावं लागलं.