भस्माखालचं सील

शर्यतीत गुरप्पामामांचा ट्रॅक्टर सगळ्यांच्या मागं राहिला आणि मामांनी जत्रेत पेढे वाटले. हे तुम्ही अजून वाचलेलंच नाही, असं समजा. तूर्त एकाही ट्रॅक्टरचं चाक हललेलं नाही आणि मामा आपल्या ट्रॅक्टरभोवती फेऱ्या मारतायत.

साल पंचाहत्तर, अक्कलकोटकडचं आमचं गाव. दगडांनी भरलेली लोखंडी घसरगाडी जो ट्रॅक्टर सगळ्यात लांब ओढील तो पहिला. नियम एकच: इंजिन कंपनीतून आलं तसंच पाहिजे. डिझेल पंपाचं शिशाचं सील तोडून जादा डिझेल सोडलं की माणूस बाद. गेल्या साली मामा पहिले आले, तेव्हापासून जेऊरचा कोंडीबा त्यांना ‘पंपचोर’ म्हणतो. आता गावातल्या शेळ्याही मामांकडं त्याच नजरेनं बघतात. मामांना बक्षीस नको होतं, ते नाव तेवढं जायला हवं होतं.

करकंबचे पंच जोतीराम यांनी बॉनेट उघडलं आणि आधी हात जोडले. गौरम्मामामींनी पहाटे पूजा करताना हात फारच सैल सोडला होता. पंपावर भस्माचे तीन जाड पट्टे, मधोमध कुंकू. सील आत कुठंतरी.

“काय झाकलंस रं गुरप्पा?” कोंडीबा ओरडला.

“झाकतोय कशाला? पूस आन् बघ की!”

“मी? देवाचं भस्म? तू पूस.”

“पूजा मोडू व्हय? लई शाना हायेस.”

पंचांनी दोन्ही हात खिशात घातले. कोंडीबानं नवी हरकत काढली, “कंपनीनं कुंकू लावलं व्हतं का? न्हाय ना? मग इंजिनात बदल झाला की!”

जोतीराम यावर खरंच विचार करू लागले. मामा भस्मापेक्षा पांढरे पडले.

“पुसताय कशाला?” मामी म्हणाल्या. “देवाला रोज अंगोळ घालतो न्हवं?”

पंचांनी चपला काढल्या. ते बघून सगळ्या मैदानानं काढल्या, कोंडीबानंही. मामींनी मंत्र म्हणत पंपावर तांब्या ओतला. भस्म ओघळलं, शिसं चमकलं. तार जागेवर, शिक्का जागेवर.

“सील शाबूत हाय!” जोतीराम म्हणाले.

मामा चाकाला टेकून खालीच बसले.

“मग गेल्या साली पयला कसा आलास?” कोंडीबानं विचारलं.

“मलाबी कळंना, बाबा.”

पुढं शर्यतीत ते न्हालेलं इंजिन ठसकत ठसकत निम्म्या वाटेत बंद पडलं. मामा नवरदेवासारखे हसत उतरले.

तरी ट्रॅक्टर कंपनीस नम्र विनंती की, यापुढे प्रत्येक इंजिन कारखान्यातूनच भस्म-कुंकू लावून, फक्त सील उघडे ठेवून, पाठविण्यात यावे, म्हणजे सदर कुंकू मूळचे धरता येईल.