काचेवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. आडवा, चपटा, झाकणवाला. कागद पालथा घालून माझ्या काचेवर ठेवला की मी त्याला वरून खाली, पट्टी पट्टीने वाचतो. घाई केलेली मला खपत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या गोष्टीत अधूनमधून

————————————————

अशी एक आडवी रेघ येईल. दचकू नका, छापणाऱ्याची चूक नाही. रेघ माझी आहे. तिच्या पलीकडे वाक्य सुखरूप चालू असतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका कामगार बाईंनी सगळ्यात शेवटी माझ्या काचेवर 'हाऽ' करून वाफ सोडली, मऊ फडक्याने पुसली आणि मी चालतो की नाही हे पाहायला स्वतःचा तळहात माझ्यावर ठेवला. मी पाहिलेली पहिली वस्तू ती. केवढ्या रेषा होत्या त्या हातावर! उमटलेला हात पाहून त्यांची मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या नशिबात परदेशप्रवास दिसतोय!"

"माझ्या कुठला? असेल तर ह्या डब्याच्या," असं म्हणत बाईंनी मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते एका फ्रेमवाल्याच्या दुकानात. सरसाचा वास, लाकडाचा भुसा, भिंतीला टेकलेल्या काचा. मालक गोड माणूस, पण धांदरट. लोक फाटके, पिवळे पडलेले फोटो घेऊन यायचे. मी ते वाचायचो आणि मालकांची मुलगी संगणकावर त्यांचे डाग काढायची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. "बाबा, आपल्या दुकानात शांत डोक्याचा हा एकटाच," असं ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणे. मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि माझे दिवस फिरले. माझ्या झाकणावर खिळ्यांची वाटी आली, सरसाचा डबा आला, अर्धवट प्यालेला चहा आला. एकदा तर मालकांनी झाकण उघडून माझं चक्क टेबल केलं. गिऱ्हाइकाची काच माझ्या काचेवर ठेवली, पट्टी लावली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. मालकांनी काच उचलून बाजूला ठेवली, बोलून आले, माझ्यावर पट्टी लावली आणि काच कापायची हिरकणी सर्रकन फिरवली. फ्रेमवाल्याच्या हाताला काच दिसली की तो कापणार. ही कुणाची, ते हात विचारत नाही.

करर्र!

————————————————

"अरे देवा, ही तर ह्याची!" मालक पुटपुटले. इकडे तिकडे पाहून त्यांनी झाकण लावलं आणि वर सरसाचा डबा ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता ज्यांच्यामुळे माझं नशीब उघडलं त्या आत्याबाई. मालकांची धाकटी बहीण, भिंगरीची आत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नकाशांच्या कचेरीत देशांच्या सीमा आखण्यात घालवली. कुठे लढाई झाली की सीमा सरकायची. मग आत्याबाई जुनी रेघ पात्याने खरवडायच्या आणि नवी ओढायच्या. "साहेब म्हणायचे, ही आता काळ्या दगडावरची रेघ," त्या हसून सांगत. "आणि माझं पातं मेलं सदा हाताशीच." निवृत्त झाल्यावर त्या घरी चित्रं काढू लागल्या, पण कुणाला दाखवायच्या म्हणून नाहीत.

भिंगरी मात्र एका गटात होती. देशोदेशीचे चित्रकार इंटरनेटवरून एकमेकांना युद्धाविरुद्धची चित्रं पाठवत. रीत अशी की आलेल्या चित्रात आपली भर घालायची आणि ते पुढे धाडायचं. शेवटी सगळी चित्रं छापून गावोगावी उघड्यावर लावायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतील अशी. भिंगरी आत्याच्या हात धुऊन मागे लागली, तेव्हा कुठे आत्याबाई एक चित्र घेऊन दुकानात आल्या.

तो नकाशाच होता. नद्या होत्या, छपरं होती, उन्हात बसलेली कुत्री होती. फक्त सीमा एकही नव्हती.

"हे माझं पहिलं बिनरेघी काम," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "मोबाईलवर नको काढूस गं. माझा निळा त्यात जांभळा दिसतो."

म्हणून माझी आठवण झाली. भिंगरीने डबा हलवला, धूळ झटकली, चित्र पालथं घातलं. किती दिवसांनी वाचायला मिळालं होतं मला! एकेक छप्पर मी चाखत वाचलं. भिंगरीने पडद्यावर बोटभर दिसणारं ते चित्र धड न पाहताच पाठवून दिलं. भिंगरीच ती.

पुढच्या भेटीत आत्याबाईंनी ते पडद्यावर मोठं करून पाहिलं. बरोब्बर मधोमध, नदी कापत, एका कुत्र्याच्या शेपटीवरून

————————————————

गेली होती. आत्याबाई खुर्चीत बसल्या. "जन्मभर रेघा ओढल्या," त्या म्हणाल्या, "एक चित्र मेलं बिनरेघांचं काढलं, तर त्यातही सीमा! परत मागव ते. आत्ताच्या आत्ता."

मालकांनी मान खाली घातली. "ताई, तुझा राग माझ्यावर काढ. हिरकणी घसरली होती."

"मी धाकटी आहे, दादा. घाबरलास की ताई काय म्हणतोस!"

भिंगरीला हसू फुटलं, पण आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंगरीने माफीचा निरोप लिहायला घेतला. माझी रवानगी भंगारात होणार, हे मी ओळखलं. खरं सांगतो, भंगाराचं काही वाटलं नाही. त्या बाईंचं एकुलतं एक चित्र माझ्यापायी माघारी येणार, ह्याने काच जड झाली.

निरोप निघण्याआधीच तिकडून उत्तर आलं. ते एका शाळामास्तरणीचं होतं, जिच्या शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत. भिंगरीने मोठ्याने वाचलं: "तुमच्या चित्रातली दोरी रिकामी दिसली. इथे आम्हाला गच्चीवर जायला बंदी आहे. कपडे घरातच कुबट वाळतात. म्हणून अख्ख्या गल्लीची धुणी तुमच्या दोरीवर टाकली. चालेल ना?"

सोबत चित्र होतं. माझ्या रेघेवर

——— सदरा ——— मोजा ——— आजोबांची लांब विजार ———

वाऱ्यावर फडफडत होती! कुत्रा एका मोज्याकडे टक लावून बघत होता.

आत्याबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "चिमटे विसरली ही बया. उडून जातील ना कपडे!" आणि चित्र छापायला लावून पेन मागून घेतलं. एकेका कपड्याला त्यांनी दोन दोन चिमटे काढले.

मग काय, पूर आला. कुणी रेघेवर मुंग्यांची रांग चालवली, कुणी तिला पतंगाची दोर केली, कुणी तिच्यावर चिमण्या बसवल्या. प्रदर्शनाच्या दिवशी बसडेपोच्या लांबलचक भिंतीवर ही चित्रं एकाला एक लावून मांडली, तेव्हा रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली. बससाठी थांबलेली माणसं तिच्या मागे मागे चालत राहिली. दोघांची बस चुकली, तरी ते हसत होते. दुसऱ्या देशांतल्या प्रदर्शनांचे फोटो भिंगरीने माझ्याच काचेवर पालथे घातले, म्हणून तीही मी पाहिली. कारखान्यातल्या त्या बाईंचं म्हणणं खरं ठरलं. प्रवास ह्या डब्याच्याच नशिबात होता.

डेपोत मलाही नेलं होतं. मालक म्हणाले होते, "आता ह्याला नवी काच घालतो." त्यावर आत्याबाई कडाडल्या, "हात तर लावून बघ!" त्यांनी मला स्टुलावर मांडलं आणि येणाऱ्या प्रत्येकाचा तळहात माझ्यावर ठेवायला लावला. ड्रायव्हरचा तेलकट, फुलवालीचा ओला, एका बाळाचा मुठीसकट. प्रत्येक उमटलेला हात निराळा, पण मधून जाणारी माझी एक रेघ सगळ्यांची सारखी.

"ह्या रेघेचा अर्थ काय हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"शेजारयोग," आत्याबाई म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर सरसाचे डबे ठेवू नका, एवढं मागणं आहेच. आणखी एक. तुमच्या मध्ये कुणी रेघ ओढलीच, तर लगेच दोन्हीकडे दोन फळ्या करून उभे राहू नका. आधी चिमटे शोधा.

——— सदरा ——— मोजा ——— तुमचा हात ———