धाकट्याचा पास

बसमध्ये तपासनिसाने कुलूपवाल्याच्या कानामागे टाळी वाजवली. कुलूपवाल्याची पापणीही हलली नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याने दाखवलेला सवलतीचा पास त्याच्या धाकट्या भावाचा होता. धाकटा जन्मापासून बहिरा, बेकरीत दुपारपाळीला. सकाळी पास मोठ्या भावाने वापरायचा आणि पाळी सुरू व्हायच्या आत परत आणून द्यायचा, असं चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं. दोघांचे चेहरे सारखे, त्यामुळे फोटोवर कुणी अडत नसे. बहिरेपणाचं सोंग तेवढं नीट वठवावं लागे.

“कशाला छळता बिचाऱ्याला?” शेजारी उभा असलेला ढेरपोट्या म्हणाला. “मी माझी जागा दिलीय त्याला.”

तपासनिसाने पाय उचलला. बूट त्याने बसच्या पायाखालच्या पत्र्यावर दाणकन आपटला. सीट हादरली. कुलूपवाला दगडासारखा बसून राहिला. आपलं बरं जमलं, असं त्याला मनातून वाटलंसुद्धा.

“ऊठ,” तपासनीस म्हणाला. “माझी पोरगी बहिरी आहे. पाय आपटला की चटकन वळून बघते. कानाला नाही कळत, तळपायाला कळतं. घरात बहिरं माणूस असतं तर तुला माहीत असतं हे.”

त्याला माहीत होतं. रोज सकाळी धाकट्याला तो असाच उठवत असे.

“साहेब, भावाचा पास आहे हो.”

“अरे वा, वाचा फुटली,” कुणीतरी हसलं.

पहिली थप्पड ढेरपोट्याने मारली. “मी उभा राहिलो तुझ्यासाठी, हरामखोरा.” मग कुणाचे हात आणि कुणाचे पाय, काही कळेना. थांब्यावर त्याला खाली ओढलं. दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. पास फरशीवर पडला होता. “मला मारा, पण तेवढा पास द्या,” म्हणत त्याने हात लांबवला. त्या हातावर कुणाचा तरी बूट पडला. दोन बोटं कडकन मोडली.

“पुरे,” म्हणत तपासनिसाने पास उचलून खिशात घातला. “हा जप्त.”

घरी धाकटा शर्टाची बटणं लावून तयार होता. मोठ्याला बघताच त्याने खुणेने विचारलं, कुणी मारलं? मोठ्याने हात उचलला, पण सुजलेल्या बोटांची खूण होईना. धाकट्याने त्याचे खिसे चाचपले. किल्ल्या निघाल्या, कानस निघाली. पास निघाला नाही.

मग त्याला कळलं. मोठ्याची कॉलर धरून त्याने त्याला दारावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मूठ उगारली आणि तशीच खाली घेतली. चपला घालून तो बाहेर पडला. पूर्ण तिकिटाला पैसे नव्हते, बेकरी पायी दोन तासांवर होती आणि उशिरा आलेल्याला फाटकातूनच परतवून लावत.

मोठा धडपडत उंबऱ्यापर्यंत आला.

“थांब रे,” तो ओरडला. “अरे, थांब.”

शेजारच्या बायका खिडकीत आल्या. धाकटा पाठमोरा, भरभर चालला होता.

मोठा हाका मारत राहिला.